पोप लिओ तेरावे : सैन्य नसलेला मध्यस्थ



८ मे २०२५ रोजी रोममध्ये सेंट पीटर्स महामंदिराच्या सज्जातून नव्या पोप महोदयांचे नाव जाहीर झाले, तेव्हा आपल्यापैकी बरेचजण टीव्हीसमोर बसले होते. लिओ चौदावे! दुसऱ्या दिवशी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर एका मावशींनी मला अडवले आणि विचारले, फादर, मग तेरावे कोण होते? मी चटकन 'रेरुम नोव्हारुम' या विश्वपत्राचे नाव घेतले, कामगारांच्या हक्कांविषयी बोलणारे पोप असे सांगितले आणि मोकळा झालो. उत्तर चुकीचे नव्हते, पण अपुरे होते. तेव्हापासून त्यांच्याविषयी पुन्हा वाचायला घेतले. त्याच सुमारास वाडीच्या बांधावरून भांडणारे दोन सख्खे भाऊ माझ्या ऑफिसात येऊन बसले होते. फादर, तुम्हीच काय तो निकाल द्या, आम्ही ऐकू, असा दोघांचाही आग्रह होता. निकाल द्यायला मी जवळजवळ तयारही झालो होतो. त्या भांडणाचे काय झाले ते इथे सांगणार नाही, तो त्यांचा घरचा मामला आहे. पण निकाल देणे आणि मध्यस्थी करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला लिओ तेरावे यांच्या चरित्रातून नीट कळले. म्हणून आज त्यांच्याविषयी थोडे विस्ताराने.

त्यांचे मूळ नाव विन्चेन्झो जोआकिनो पेच्ची. २ मार्च १८१० रोजी रोमच्या दक्षिणेला डोंगरात वसलेल्या कार्पिनेतो या गावी त्यांचा जन्म झाला. घराणे खानदानी, पण संपत्ती बेताची. शिक्षण येशूसंघीयांकडे, आधी वितेर्बो येथे आणि मग रोममध्ये. लॅटिन भाषेवर त्यांचे विलक्षण प्रेम होते. अगदी नव्वदी उलटल्यावरही ते लॅटिनमध्ये कविता रचत असत. ३१ डिसेंबर १८३७ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

त्या काळी पोप हे मध्य इटलीतील एका मोठ्या प्रदेशाचे राजेही होते. त्यामुळे हुशार तरुण धर्मगुरूंना कारभारी म्हणून पाठवले जाई. जेमतेम अठ्ठावीस वर्षांच्या पेच्ची यांना १८३८ मध्ये बेनेव्हेंतोला पाठवण्यात आले. चारही बाजूंनी नेपल्सच्या राज्याने वेढलेला हा पोपच्या मालकीचा एक लहानसा तुकडा होता. सीमा ओलांडली की कायदा बदलतो, हे चोर-दरोडेखोरांच्या पथ्यावर पडले होते आणि त्यांना आसरा देणारे खुद्द तिथले प्रतिष्ठित जमीनदार होते. तरुण पेच्ची तिथे पोहोचताच तापाने मरणाच्या दारात गेले. बरे झाल्यावर मात्र त्यांनी बड्या लोकांची भीड न ठेवता दरोडेखोरांचा बंदोबस्त केला. सीमेवरची माणसे कशी जगतात, हे त्यांनी पुस्तकातून नव्हे, प्रत्यक्ष पाहिले होते.

१८४३ मध्ये ते पोपचे राजदूत म्हणून बेल्जियमला गेले. तिथे त्यांनी आगगाडी पाहिली, कारखाने पाहिले, वर्तमानपत्रांतून मंत्र्यांवर होणारी टीका पाहिली, संसदेतली भांडणे पाहिली. राजा लिओपोल्ड पहिले प्रॉटेस्टंट होते, पण या इटालियन राजदूताशी त्यांचे चांगले जमले. तरी ही नेमणूक फार टिकली नाही. शाळा-कॉलेजांच्या प्रश्नावर पेच्ची यांनी तिथल्या बिशपांची बाजू घेतली, सरकार नाराज झाले आणि १८४६ मध्ये त्यांना परतावे लागले. परतताना त्यांनी लंडनमध्ये राणी व्हिक्टोरियाचीही भेट घेतली. मग पेरुजा या गावचे बिशप म्हणून तब्बल बत्तीस वर्षे! राजनैतिक कारकीर्द संपल्यातच जमा होती. आपल्याला वाटते, मोठी माणसे पायऱ्या चढत चढत वर जातात. हे मात्र बत्तीस वर्षे एकाच पायरीवर उभे होते. सेमिनरी सुधारणे, धर्मगुरूंना शिकवणे, शेतकऱ्यांसाठी बचतीची सोय करणे अशी कामे करत. तिथे असतानाच १८५३ मध्ये ते कार्डिनल झाले.

२० फेब्रुवारी १८७८ रोजी त्यांची पोप म्हणून निवड झाली, तेव्हा अडुसष्ट वर्षे पूर्ण व्हायला दहा दिवस बाकी होते. तब्येत नाजूक, अंग काटकुळे. फार दिवस टिकणार नाहीत, म्हणून तडजोडीचा उमेदवार, असे अनेकांना वाटले होते. ते पंचवीस वर्षे टिकले!

परंतु त्यांच्या हाती काय आले होते ते पाहा. १८७० मध्ये इटलीच्या सैन्याने रोम जिंकून घेतले होते. पोपचे राज्य संपले होते. ना प्रदेश, ना फौज, ना आरमार. व्हॅटिकनच्या भिंतीबाहेर पाऊल टाकायचे नाही, अशी भूमिका आधीच्या पोपनी घेतली होती आणि लिओ यांनीही ती शेवटपर्यंत पाळली. स्वतःला ते कैदी मानत. जर्मनीत बिस्मार्क यांनी १८७० च्या दशकात कॅथलिकांविरुद्ध कायद्यांची माळ लावली होती. बिशप तुरुंगात गेले होते, शेकडो धर्मग्रामे धर्मगुरूंविना पडली होती. लिओ यांनी निवडीच्या दिवशीच जर्मन सम्राटाला मैत्रीचे पत्र पाठवले. उत्तर थंड आले. तरी त्यांनी पत्रव्यवहार सोडला नाही.

आणि मग १८८५ साल उजाडले.

जगाच्या नकाशावर फिलिपाइन्सच्या पूर्वेला पॅसिफिक महासागरात ठिपक्यांची एक लांबलचक रांग दिसते. ती कॅरोलाइन बेटे. पलाऊ, याप, चूक, पोनपेई ही त्यांतली काही नावे. स्पेनच्या खलाशांनी सोळाव्या शतकात ती पाहिली होती आणि पुढे स्पेनचे राजे चार्ल्स दुसरे यांचे नाव त्या बेटांना मिळाले. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला येशूसंघीय मिशनरी तिथे जाऊ लागले. त्यांपैकी फादर कांतोव्हा १७३१ मध्ये मारले गेले. त्यानंतर दीडशे वर्षे स्पेनने तिकडे जवळजवळ ढुंकूनही पाहिले नाही. दरम्यान जर्मन व्यापारी तिथे खोबऱ्याचा धंदा करू लागले. स्पेनने जकात मागितली तेव्हा १८७५ मध्ये जर्मनी आणि इंग्लंड दोघांनीही कळवले की, जिथे तुमचा एक शिपाई नाही, तिथे तुमची सत्ता आम्ही मानत नाही.

स्पेनचे म्हणणे : बेटे आम्ही शोधली, नाव आम्ही दिले, रक्त आमच्या मिशनऱ्यांनी सांडले. जर्मनीचे म्हणणे : ओसाड टाकलेल्या वाडीत जो नांगर घालतो त्याची ती वाडी. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, हेच अशा भांडणांचे दुखणे असते. एकजण उघड खोटा असता, तर मध्यस्थाची गरजच काय? पोलीस पुरेसे असतात.

ऑगस्ट १८८५ मध्ये स्पेनची दोन जहाजे याप बेटावर पोहोचली. सत्ता स्थापनेचा सोहळा थाटात करायचा, म्हणून अधिकारी तयारी करत बसले. २५ ऑगस्टच्या संध्याकाळी 'इल्टिस' नावाची जर्मन युद्धनौका आली, तिचे लोक किनाऱ्यावर उतरले आणि त्यांनी आपला झेंडा उभारून टाकला. स्पॅनिश अधिकारी बघत राहिले! ही बातमी सप्टेंबरच्या सुरुवातीला माद्रिदला पोहोचली आणि शहर पेटून उठले. जमावाने जर्मन वकिलातीवर हल्ला केला, तिथले राजचिन्ह उपटून भर चौकात जाळले. ज्या बेटांचे नावही महिनाभरापूर्वी कोणाला ठाऊक नव्हते, त्यांच्यासाठी मरायला माणसे तयार झाली. वर्तमानपत्रे युद्धाची भाषा बोलू लागली.

स्पेनचे राजे अल्फान्सो बारावे अवघे सत्तावीस वर्षांचे होते आणि क्षयाने खंगत चालले होते. युद्ध झाले असते तर स्पेन हरणार हे उघड होते आणि हरल्यावर सिंहासनही गेले असते. माघार घेतली असती तर जमावानेच राजवाडा फोडला असता. इकडे बिस्मार्क यांनाही युद्ध नको होते. काही नारळाच्या बेटांसाठी स्पेनशी चाललेला मोठा व्यापार बुडवायचा आणि युरोपातली एक राजेशाही कोसळवायची, हा त्यांना आतबट्ट्याचा सौदा वाटला. पण माघार तरी कशी घ्यायची? झेंडा तर लावून बसले होते.

आणि तेव्हा बिस्मार्क यांनी एक चाल खेळली, जिची कोणी कल्पनाही केली नव्हती. हा तंटा पोप लिओ यांच्यापुढे ठेवावा, असे त्यांनी सुचवले. ज्यांनी कॅथलिक बिशपांना तुरुंगात टाकले, तेच आता रोमचे दार ठोठावत होते. त्यांच्या मनात भक्तिभाव दाटून आला होता, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. कॅथलिक स्पेनला पोपचा शब्द नाकारता येणार नाही, जर्मनीतला कॅथलिक पक्षही जरा नरमेल आणि माघार घ्यावी लागली तरी ती वृद्ध धर्मगुरूचा मान राखण्यासाठी घेतली, असे सांगता येईल, असा तो हिशेब होता. हेतू शुद्ध नसला तरी काम चांगले होऊ शकते. धर्मग्रामात पंधरा वर्षे काढल्यावर मला याचे आता नवल वाटत नाही.

लवाद की मध्यस्थ, हा प्रश्न मात्र लगेच उभा राहिला. लवाद म्हणजे निकाल देणारा. त्याचा शब्द बंधनकारक. मध्यस्थ मार्ग सुचवतो, स्वीकारायचा की नाही ते पक्षांनी ठरवायचे. आपले सार्वभौमत्व ही निवाड्याला टाकण्याची वस्तू नाही, अशी स्पेनची भूमिका होती. पोप लिओ यांनी मध्यस्थाची जागा पत्करली. वरवर पाहता ही कमीपणाची जागा. आणि इथे इतिहास आठवतो. १४९३ मध्ये पोप अलेक्झांडर सहावे यांनी महासागरावर एक रेषा आखून नव्या जगातले प्रदेश स्पेनच्या झोळीत टाकले होते. पुढच्याच वर्षी स्पेन आणि पोर्तुगालने ती रेषा आपसात सरकवून घेतली. पोप प्रदेश वाटतात, हा त्या काळचा समज. चारशे वर्षांनी त्याच स्पेनच्या तंट्यात लिओ यांनी काहीही वाटून द्यायचे नाकारले. ते फक्त सुचवणार होते.

मी सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो ते संत थॉमस अक्विनास यांच्या चौकटीत. ती चौकट कॅथलिक सेमिनरींत पुन्हा घट्ट बसवली ती याच पोपनी, १८७९ च्या 'एतेर्नी पात्रिस' या विश्वपत्राने. (परीक्षेच्या आदल्या रात्री मी त्यांना फारसे दुवे दिले नव्हते, हेही कबूल करतो.) संत थॉमस विवेक या सद्गुणाच्या तीन पायऱ्या सांगतात. आधी सर्व बाजूंनी विचार आणि सल्ला, मग निर्णय, आणि शेवटी आज्ञा. तिसरी पायरी हीच खरी महत्त्वाची, असे ते म्हणतात. मला वाटते, मध्यस्थ पहिल्या दोन पायऱ्या चढतो आणि तिसरीपाशी मुद्दाम थांबतो. आज्ञा देण्याचे काम तो भांडणाऱ्यांच्याच हाती ठेवतो. ज्याला अधिकार गाजवायची सवय आहे, त्याला हे थांबणे फार कठीण जाते. आम्हा धर्मगुरूंना तर विशेषच.

दोन्ही देशांनी आपापली बाजू रोमला मांडली. राज्यसचिव कार्डिनल लुडोविको याकोबिनी यांच्यामार्फत काम चालले. २२ ऑक्टोबर १८८५ रोजी पोपनी आपली सूचना दोन्ही देशांपुढे ठेवली. कॅरोलाइन आणि पलाऊ बेटांवर स्पेनचे सार्वभौमत्व मान्य करावे. ते केवळ कागदावर राहू नये म्हणून स्पेनने तिथे लवकरात लवकर पुरेशा बळानिशी नीट कारभार सुरू करावा. जर्मनीला तिथे व्यापार, जहाजवाहतूक आणि मासेमारीची पूर्ण मोकळीक असावी, शिवाय आरमारासाठी ठाणे आणि कोळशाचे कोठार उभारण्याचा हक्क असावा. जर्मन लोकांना स्पॅनिश प्रजेप्रमाणेच तिथे मळे लावता यावेत आणि शेती करता यावी.

ही सूचना बारकाईने पाहिली की तिच्यातले शहाणपण कळते. भांडण एकाच वस्तूवरून चालले आहे असे दोघांनाही वाटत होते. लिओ यांनी दाखवून दिले की, त्यांना हव्या असलेल्या गोष्टी दोन आहेत. स्पेनला हवा होता मान, जर्मनीला हवा होता धंदा. बेट एकच असले तरी मान आणि धंदा वेगळे करता येतात. शिवाय सूचनेत जर्मनीच्या तक्रारीचा गाभाही मान्य केला होता : सत्ता सांगायची तर ती चालवून दाखवा. पोप कॅथलिक आहेत, म्हणजे कॅथलिक स्पेनला सगळेच देतील, अशी आशा धरून बसलेल्यांची निराशा झाली असणार. पण मध्यस्थाने आपल्या माणसाला झुकते माप दिले, तर तो मध्यस्थ राहत नाही, वकील होतो.

आपल्याकडे दोन मांजरे, लोण्याचा गोळा आणि माकड यांची गोष्ट प्रत्येक मुलाला ठाऊक असते. तराजू हातात घेऊन माकडाने सगळे लोणी मटकावले. मध्यस्थाविषयी आपल्या मनातला संशय त्या गोष्टीत पुरेपूर उतरला आहे. १८८५ मध्ये इंग्लंड किंवा फ्रान्स मध्यस्थ झाले असते तर हाच संशय आला असता, कारण पॅसिफिकमधले लोणी त्यांनाही हवे होते. पोपना त्या बेटांवर कोळशाचे कोठार नको होते, त्यांच्याकडे जहाजच नव्हते! पंधरा वर्षांपूर्वी राज्य गेले म्हणून कॅथलिक जगाने अश्रू ढाळले होते. ते गेले नसते, तर दोन राष्ट्रांनी इतक्या निर्धास्तपणे हा तंटा त्यांच्या हाती दिला असता का, याची मला शंका वाटते.

२५ नोव्हेंबरला राजा अल्फान्सो यांचे निधन झाले. राणी मारिया क्रिस्तीना गरोदर होत्या, गादीला पुरुष वारस नव्हता. अशा वेळी तंटा उघडा असता तर काय झाले असते, ही कल्पनाच करवत नाही. पण सूचना आधीच पोहोचली होती. १७ डिसेंबर १८८५ रोजी रोममध्ये जर्मनी आणि स्पेनच्या प्रतिनिधींनी करारावर सह्या केल्या. माद्रिदमध्ये वकिलातीची तोडफोड झाल्याला साडेतीन महिनेही झाले नव्हते. पोपनी बिस्मार्क यांना 'ऑर्डर ऑफ ख्राइस्ट' हा सन्मान दिला. तो मिळवणारे ते पहिले प्रॉटेस्टंट. बिस्मार्क यांनी आभाराच्या पत्रात पोपना राजाला लावतात ते संबोधन लावले आणि ज्यांनी पोपचे राज्य घेतले होते त्या इटलीत त्यामुळे नाराजी पसरली. १८८६ आणि १८८७ मध्ये जर्मनीतले कॅथलिकविरोधी कायदे बहुतांशी मागे घेण्यात आले.

आता या कथेची दुसरी बाजू. ती लपवणे बरे नव्हे. याप आणि पोनपेईच्या रहिवाशांना कोणीही विचारले नव्हते. माद्रिद, बर्लिन आणि रोम यांच्यात करार झाला, आणि ज्यांची घरे, होड्या आणि नारळाची झाडे त्या बेटांवर होती, त्यांचे नाव त्यात फक्त भूगोलात होते. सूचनेप्रमाणे स्पेनने खरोखरच कारभार सुरू केला. कापुचिन मिशनरी गेले, शिपाई गेले, गव्हर्नर गेले. पोनपेईमध्ये अमेरिकन प्रॉटेस्टंट मिशनरी १८५२ पासून काम करत होते. नव्या गव्हर्नरांनी त्यांच्या प्रमुखाला अटक करून मनिलाला पाठवले, लोकांना सक्तीने कामाला जुंपले, आणि जुलै १८८७ मध्ये तिथल्या लोकांनी बंड करून गव्हर्नरांना ठार मारले. युरोपात टळलेले रक्त काही प्रमाणात तिथे सांडले, असे म्हणावे लागते. मध्यस्थाच्या टेबलाशी ज्याला खुर्ची मिळत नाही, त्याचे काय, हा प्रश्न लिओ यांच्या काळाला सुचलाच नाही. आपल्याला सुचायला हवा. वाडीच्या बांधाचे भांडण मिटवताना त्या वाडीतून विहिरीवर जाणाऱ्या शेजारणीची वाट बंद झाली, तर ती कोणाकडे जाणार?

याच काळात लिओ आणखी एका तंट्यात गुंतले होते आणि तो थेट आपल्या दारातला आहे. पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील चर्चवर पाद्रोआदो म्हणून ओळखले जाणारे अधिकार होते. पोर्तुगालची सत्ता आटली तरी तो हक्क सोडायला तयार नव्हता आणि रोम आपले स्वतंत्र धर्माधिकारी पाठवत होते. १८३८ पासून हा वाद चिघळला होता. मुंबई-साष्टीत एकाच गावात, कधी एकाच घरात, कोणी गोव्याच्या आर्चबिशपांना मानणारे तर कोणी रोमने नेमलेल्या धर्माधिकाऱ्यांना. चर्चच्या किल्ल्यांवरून मारामाऱ्या आणि कोर्टकचेऱ्या होत. इथे लिओ मध्यस्थ नव्हते, ते स्वतः एक पक्ष होते. २३ जून १८८६ रोजी पोर्तुगालशी करार झाला, १ सप्टेंबरला भारतातील धर्मप्रांतांची रीतसर रचना जाहीर झाली. गोव्याच्या आर्चबिशपांना पूर्वेचे पात्रिआर्क हा मान मिळाला, मुंबई आर्चडायोसिस झाले, आणि आपले वसई, साष्टी हे भाग पाद्रोआदोखालच्या नव्या दमण धर्मप्रांतात गेले. मुंबई शहरातली दुहेरी सत्ता मात्र तशीच राहिली. ती १९२८ मध्ये मिटली. आपल्या आजी-आजोबांच्या बोलण्यात कधी कधी डोकावणारा तो जुना दुरावा इथला आहे.

भारतासाठी त्यांनी आणखी एक गोष्ट केली. इथल्या लोकांचा उद्धार इथल्याच मुलांच्या हातून व्हावा, या विचाराने १८९३ मध्ये श्रीलंकेत कँडी येथे सेमिनरी स्थापन केली. १९५५ मध्ये ती पुण्याला हलवण्यात आली. वसईच्या कित्येक धर्मगुरूंच्या चपला त्या आवारात झिजल्या आहेत.

पुढची वर्षे झटपट सांगतो. १८९१ मध्ये 'रेरुम नोव्हारुम'. जपमाळेवर इतकी पत्रे की त्यांना रोझरीचे पोप म्हणू लागले. १८९८ मध्ये चलचित्राच्या कॅमेऱ्यासमोर बसून त्यांनी आशीर्वाद दिला. असे करणारे ते पहिले पोप!

पण १८९८ हेच त्यांच्या अपयशाचेही वर्ष. क्यूबावरून स्पेन आणि अमेरिका युद्धाच्या उंबरठ्यावर आले. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या पोपनी पुन्हा प्रयत्न केला. त्यांच्या विनंतीवरून स्पेनने एप्रिलमध्ये क्यूबातील लढाई थांबवण्याची तयारी दाखवली. उपयोग झाला नाही, त्याच महिन्यात युद्ध सुरू झाले. कारण उघड आहे. १८८५ मध्ये दोघांनाही सुटकेची वाट हवी होती. १८९८ मध्ये अमेरिकेतल्या लोकमताला युद्धच हवे होते. आणि दुसरे कारण नाजूक आहे. अल्फान्सो यांच्या निधनानंतर जन्मलेला बालराजा अल्फान्सो तेरावा याचे धर्मपिता खुद्द पोप लिओ होते. आता त्यांना तटस्थ कोण मानणार? स्पेन हरला. मोडलेल्या खजिन्यासाठी १८९९ मध्ये त्याने कॅरोलाइन बेटे अडीच कोटी पेसेतांना विकली. कोणाला? जर्मनीला! चौदा वर्षांपूर्वीचा तो करार तिथे संपला. मी मात्र त्याला वाया गेलेला म्हणणार नाही. चौदा वर्षे दोन देशांची मुले त्या बेटांसाठी मेली नाहीत.

१८९९ मध्येच रशियाच्या झारच्या पुढाकाराने हेग येथे शांतता परिषद भरली. युद्धाऐवजी मध्यस्थी आणि लवाद यांची कायमची व्यवस्था करणे हा तिचा एक मोठा विषय होता. तंट्यातल्या देशांना तिसऱ्या देशाने मध्यस्थी देऊ करणे हे शत्रुत्वाचे कृत्य मानू नये, मध्यस्थाचा शब्द हा फक्त सल्ला समजावा, असे तिथे लेखी ठरले. लिओ यांनी कॅरोलाइनच्या वेळी जे केले, ते आता आंतरराष्ट्रीय कायद्यात आले होते. आणि परिषदेला लिओ यांनाच बोलावणे नव्हते! इटलीने हट्ट धरला की पोपना बोलावले तर आम्ही येणार नाही. नेदरलँड्सच्या राणी विल्हेल्मिना यांनी शिष्टाचार म्हणून पोपना पत्र लिहिले, त्याचे उत्तर शेवटच्या बैठकीत वाचून दाखवण्यात आले, इतकेच.

इटलीचे वागणे कोतेपणाचे होते, हे खरे. पण दुसऱ्यांना मान आणि धंदा वेगळे करून दाखवणाऱ्या लिओ यांनी स्वतःच्या आणि इटलीच्या भांडणात तसे वेगळे केले नाही. रोम परत हवे, हा आग्रह त्यांनी सोडला नाही. इटलीतल्या कॅथलिकांनी संसदेच्या निवडणुकीत भाग घेऊ नये, हा निर्बंधही तसाच ठेवला. सुंभ जळतो, पीळ जळत नाही. कदाचित त्यांच्यापुढेही कोणीतरी मध्यस्थ बसायला हवा होता. पोपना मध्यस्थ कोण मिळणार, हाच प्रश्न असावा.

पोपच्या मध्यस्थीची परंपरा पुढे चालली. १९७८ च्या डिसेंबरमध्ये दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी असलेल्या तीन लहान बेटांवरून अर्जेंटिना आणि चिली ऐन नाताळात लढाईला भिडणार होते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी कार्डिनल आंतोनिओ सामोरे यांना पाठवले. सहा वर्षे बोलणी चालली. सामोरे १९८३ मध्येच वारले, त्यांना करार पाहायला मिळाला नाही. २९ नोव्हेंबर १९८४ रोजी व्हॅटिकनमध्ये सह्या झाल्या. बेटे चिलीला, समुद्राचे हक्क वाटून. कॅरोलाइनचा धडा गिरवला गेला.

लिओ तेरावे २० जुलै १९०३ रोजी, त्र्याण्णव वर्षांचे असताना, प्रभुचरणी विलीन झाले. रोमच्या लॅटरन महामंदिरात आपली कबर असावी, ही त्यांची इच्छा. पण इटलीशी चाललेल्या वैरामुळे त्यांची शवपेटी शहरातून नेणेही सोपे नव्हते. ती सेंट पीटर्समध्येच एकवीस वर्षे वाट पाहत राहिली. १९२४ मध्ये एका रात्री, गाजावाजा न करता, ती लॅटरनला नेण्यात आली. त्यानंतर पाच वर्षांनी, ११ फेब्रुवारी १९२९ रोजी, त्याच महामंदिराला लागून असलेल्या राजवाड्यात इटली आणि व्हॅटिकन यांच्या प्रतिनिधींनी एकमेकांसमोर बसून समेटाच्या करारावर सह्या केल्या.